प्रीतीच्या मापाचा ब्लाउज

"न्हाय बसला तर भर चौकात अर्धी मिशी काढीन, धोंडुबाई!"

"आणि बसला तर मी माझ्या म्हशीला साडी नेसवून गल्लीतनं फिरवीन. हाय का बोल!"

मित्रांनो, ही पैज लागली माझ्यापायी. मिशी जोतीराम टेलरची, म्हस धोंडुबाई दूधवालीची. आणि मी एक जुना, हिरवा, मापाचा ब्लाउज हाय. दुकानातल्या खिळ्याला लटकून मी सगळं ऐकत हुतो. म्हशीला नऊवारी पुरंल का दोन जोडाव्या लागतील, एवढाच माझा इचार चाललेला.

माझा जन्म ह्याच दुकानातला. समोरच्या शालनताईंची प्रीती नर्सिंग पास झाली, तवा जोतीराममामानं मला शिवलं. असा बसलो, असा बसलो, की अंगात हाय का न्हाय ते पोरीला कळंना. गल्लीतल्या बाया यायच्या आणि म्हणायच्या, "मामा, प्रीतीगत शिवा." माझी कॉलर ताठ! मला कॉलर न्हाय ही गोष्ट येगळी.

मग प्रीती नर्स म्हणून आयर्लंडला गेली. जाताना मला मामाकडं ठेवून गेली. "ह्याच्यावरनंच शिवून पाठवत जावा." आमच्याकडं तसंच असतंय. टेप कोण लावत बसतंय? बसणारा एक ब्लाउज टेलरकडं टाकायचा, त्यावरनं नवा कापायचा. मी एकदम सायबच झालो की. कामाला बसायचं न्हाय, नुसतं पालथं पडायचं.

पहिली काही वर्षं झ्याक गेली. मग फोन यायला लागले.

"मामा, डावीकडं झोळ येतोय."

"झोळ? माझ्या कामात?" मामानं दोन्ही बाजू आत घेऊन दुसरा पाठवला.

"मामा, आता उजवीकडं आवळतोय. हुकच लागंना."

तिसरं पार्सल कस्टममधी अडकलं. पोचलं तवा दिवाळी उरकून गेलती, आणि झोळ हुता तिथंच हुता. तिथल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला तर त्या माणसानं उलटसुलट करून विचारलं, "हा कुठल्या पोराचा शर्ट?" मामा व्हिडिओवर वरडला, "अगं, अंगात घालून दाखव की!" पण प्रीती हँगरलाच लावून दाखवायची. नवं माप मागितलं, की म्हणायची, "जुनंच धरा."

शालनताई फावल्या येळंला दुकानात यायच्या, मला मांडीवर घ्यायच्या, हातानं सारखं करायच्या. "माझी प्रीती एवढीच हाय बघा, भाऊ. काडीचा फरक न्हाय. मापात हात घालू नका."

आणि मग प्रीतीच्या भावाचं, प्रसेनजीतचं, लग्न ठरलं. प्रीती येणार! बौद्ध पद्धतीचं लग्न, म्हणून पांढऱ्या साडीवरचा पांढरा ब्लाउज मामानं माझ्यावरनंच कापला. दूध घालायला आलेली धोंडुबाई म्हणाली, "तुझी नजर गेली, जोतीराम. ह्योबी न्हाय बसायचा." तिथंच पैज लागली.

प्रीती आली. वाळलेली, पण हसतमुख. पडद्यामागं घालून बघायला निघाली, तर शालनताई मला घेऊन पाठोपाठ.

"आई, तू भाईर थांब ना."

"माझ्यापुढं कसली लाज? न्हाऊमाखू घातलंय मी तुला."

प्रीतीनं पडदा नीट ओढून घेतला. मग तिनं कुर्ता काढला. मित्रांनो, तिथं माझी थट्टा बंद झाली. डावीकडं छाती न्हवती. नुसता आडवा, लांब वण.

"कॅन्सर हुता, आई. काढून टाकलं. आता बरी हाय मी."

"कवा गं?"

"पहिला झोळ आला तवा."

"एकटी हुतीस?"

"ड्युटी सुटली की मैत्रिणी यायच्या."

"आणि मी काय मेलेली गं? मला का न्हाय सांगितलंस?"

"तू फोनवर दरवेळी तेच म्हणायचीस. माझी प्रीती हाय तशीच हाय. ते मोडवंना, आई."

भाईर मामा आणि धोंडुबाई उभी. शालनताईंनी मला तोंडात कोंबलं. त्यांचं रडणं पडद्याभाईर गेलं न्हाय. सगळं माझ्यात आलं.

"बसला का गं?" धोंडुबाईनं हाक मारली.

प्रीती नवा ब्लाउज घालून भाईर आली. मामानं डावीकडचा झोळ बघितला, शालनताईंचे डोळे बघितले. हातातली टाचणी तशीच राहिली. धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला. "जाऊ दे रं, जोतीराम. पैज राहू दे."

"मामा, नवं माप घ्या," प्रीती म्हणाली.

टेप शालनताईंनी धरली. डावं येगळं, उजवं येगळं. मामा दुसरीकडं तोंड करून आकडे ऐकत हुता.

मित्रांनो, मला लई जपलं. इस्त्री केली, डांबरगोळी ठेवली. पण मी कापड हाय, मी हाय तसा राहणारच. लांब गेलेलं माणूस राहत न्हाय. फोनवर दिसतो तो नुसता चेहरा. त्याच्या खालचं इचारत जावा. आणि त्यानं सांगितलं, तर ऐकायची तयारी ठेवा.

एवढ्यात दारात गल्ली गोळा झालेली. आकाराम पानवाला मान उंच करून आत बघत म्हणाला, "काय झालं ओ? प्रीतीचं काय बिघडलंय व्हय?"

मामा ताडकन उठला. "तिचं काय बिघडतंय? कटिंग चुकलं माझं! चला चौकात!"

चौकात न्हाव्याची खुर्ची भाईर काढली. फेस लागला, शिट्ट्या पडल्या. "मामा, टाचणी मारून ठेवा, न्हायतर उरलेलीबी पडंल!" एका बाजूनं कोल्हापुरी मिशी आणि एका बाजूनं गुळगुळीत ओठ घेऊन मामा उठला, आणि मुद्दाम सगळ्यांपुढनं तीन-तीनदा फिरला. शालनताई मला छातीशी धरून प्रीतीच्या डाव्या अंगाला उभ्या हुत्या.

गल्ली मामाच्या मिशीला हसत राहिली. प्रीतीकडं कुणी बघितलंच न्हाय.