वनजा मरते ते पान

मी 'गरुडपठार' या कादंबरीमालेचा चौथा भाग बोलतोय. वडगावच्या वाचनालयातून चंपाबाईंच्या घरी आलो तेव्हा माझी शिवण सैल झाली होती आणि पाठीवर चहाचा डाग होता. बाकी ठणठणीत होतो.

या घरात हातमाग आहेत. दुपारी गल्लीतल्या बायका इथं चरख्यावर सुताच्या कांड्या भरायला बसतात आणि चंपाबाईंची सून सौम्या मला मोठ्यानं वाचते. ती कन्नड शाळेत शिकलेली. सुरुवातीला मराठी वाचताना अडखळायची, तेव्हा बायका हसायच्या. माझ्या तीन थोरल्या भावंडांनी तिची जीभ वळवली. या घरात तिचं ऐकलं जातं, ते त्या तासाभरातच.

मग आमच्यावर टीव्हीची मालिका निघाली. दोन दिवस टीव्हीच मागाच्या खोलीत आणून ठेवला होता. पण नजर वर गेली की हातातला धागा तुटायचा. टीव्ही आत गेला, मी पुन्हा बाहेर आलो. मालिका मात्र सगळ्या संध्याकाळी घरी बघायच्या.

माझ्या शेवटच्या प्रकरणात गरुडावर बसून लढणारी वनजा तान्ही लेक मागं ठेवून मरते. मालिकेत ती जगते, लग्नही करते. सौम्यानं शेवट आधीच चाळला होता, तिच्या तोंडून ते फुटलं. झालं, दोन तट पडले.

"एवढी ग्वाड पोरगी, तिला मारायची कशाला?" शेजारच्या मालुबाई म्हणाल्या.

"मग काय भाकऱ्या थापायला गरुड पाळलावता व्हय तिनं?" अंबुबाईंनी टोला हाणला.

चंपाबाई मालुबाईंच्या बाजूच्या. त्यांनी सुनेला बजावलं, "उद्या शेवट वाचशील, तो टीव्हीत हाय तसा सांग. न्हाय तर ह्या घरात वाचन बंद. ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी सौम्यानं मला शेवटच्या प्रकरणावर उघडलं.

"आत्या, छापलंय तसंच वाचते," ती म्हणाली, आणि वाचू लागली. वनजा पडली तिथं तिचा आवाज चिरकला, पण तिनं एक ओळ गाळली नाही.

चरखे थांबले. मालुबाई डोळे पुसत उठून गेल्या. चंपाबाईंनी मला सुनेच्या हातातून काढून घेतलं आणि कोनाड्यात टाकलं. संपलं सारं, असं मला वाटलं.

त्याच्या दुसऱ्या दुपारी नुसते चरखेच फिरत होते. मालुबाईही आल्या होत्या. चंपाबाईंनीच हातातली कांडी खाली ठेवली.

"ती मेली ते मेली. पर तिच्या लेकीचं काय झालं गं? टीव्हीत तर लेकच न्हाय."

"पाचव्या भागात हाय, आत्या."

"मग बसलीयास काय? जा, घेऊन ये."

आता मी सौम्याच्या पिशवीत आहे, वाचनालयाच्या वाटेवर. तुम्हाला मालिका आवडत असेल तर खुशाल बघा. माझ्याशी भांडा, माझ्यावर रुसा. पण वाचाल तेव्हा मला पुरता वाचा, कुणाच्या धाकानं माझं पान गाळू नका. या पोरीनं नाही गाळलं.

मागून मालुबाईंची हाक येतेय, "लवकर ये गं सौम्या, तुझ्याबिगर हात चालंना झालेत!"