ब्रॅकेटवरचं कुंकू

सरकारनं विमानं कापली ही बातमी आमच्या गाळ्यात सगळ्यात आधी दादूला कळली, कारण चालू मशीनवर मोबाईल बघायची खोड त्यालाच. "वाट लागली!" असा तो ओरडला तेव्हा मला वाटलं, याचं बोट गेलं. बोट शाबूत होतं. संरक्षणाच्या खर्चाला कात्री लागली होती, आणि सरावाची जी नवी विमानं घ्यायची होती त्यातली निम्मी आता घेणार नव्हते. टीव्हीवर ही बातमी आली आणि गेली. आमच्याकडे मात्र ती येऊन बसली.

आमचा गाळा कांजूरमार्गला. वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास थेट आत येतो. शिवदासदादा मालक, दादू आणि बाकीची मंडळी मशीनवर, आणि माल तपासून पास-नापास ठरवणारी मी, माधुरी. त्या विमानासाठी आम्ही तळहातावर मावेल असा ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट बनवायचो. पुढच्या चाकाजवळची तेलाची नळी तो धरून ठेवतो. बघायला काहीच नाही, भांड्यांच्या दुकानात ठेवला तर लोक खुंटी म्हणून घेऊन जातील. पण दादांना त्याचा कोण अभिमान! त्यांचे वडील गिरणी कामगार, आणि हे भांडुपला त्यांच्या बिल्डिंगमध्ये 'विमानवाले सावंत'.

विमानं बनवणाऱ्या कंपनीचा फोन आला. आता हा शेवटचा माल घेणार, पुढची ऑर्डर रद्द. नंतर जुन्या विमानांच्या सुट्या भागांचं थोडं काम राहील. ते मोजक्याच गाळ्यांना मिळेल, आणि ज्यांचा शेवटचा माल वेळेत, बिनतक्रार पास होईल त्यांनाच. म्हणजे हे ब्रॅकेट पास झाले तर गाळा तगणार, नाहीतर कुलूप. दादांनी हे सगळ्यांना सरळ सांगितलं. त्या दिवसापासून दादूनंही मोबाईल खिशातून काढला नाही.

असा माल आमच्या हातून कधी उतरला नव्हता. मी शोधूनसुद्धा खोट सापडेना, आणि खोट सापडली नाही तर मला जेवण जात नाही, हे गाळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. वरचं कोटिंग तेवढं बाहेरून चढवून आणायचं होतं. धुऊन पुसून ब्रॅकेट ट्रेमध्ये मांडले, झाकले आणि मी नागपूरला गेले.

दसऱ्याला मी गाळ्यात नसतेच. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही घरचे सगळे दीक्षाभूमीवर जातो. दसऱ्याला गाळ्यात मशीनची पूजा होते. दादांची बायको रुक्मिणीवहिनी येते, मशीनला झेंडूचे हार, हळद-कुंकू, मग सगळ्यांना पेढे. दरवर्षी पूजेच्या आधी तिचं माझ्याकडे एकच मागणं असायचं, "गो, एक बोट तुझ्या त्या विमानाच्या तुकड्यांका पण लावू काय?" आणि दरवर्षी मी म्हणायचे, "वहिनी, मशीनला काय लावायचं ते लावा, मालाला हात नाही." ती हसून सोडून द्यायची.

नागपूरहून आले, हातमोजे चढवले, झाकण काढलं.

प्रत्येक ब्रॅकेटवर कुंकू होतं.

ओल्या बोटानं लावलेलं, मधोमध, नीट गोल. वरचा ट्रे काढला, खालचा काढला. वहिनीनं एकही सोडला नव्हता. घाईघाईत दोन-चार तरी सुटतात ना माणसाच्या हातून? नाही. इतकं मन लावून केलं होतं की मला रडू यायचं ते संतापच आला.

"अगं, मी बघितलं लावताना," दादू म्हणाला. "म्हणाल्या, हे शेवटचे. सासरी जाणाऱ्या लेकीचं कपाळ रिकामं ठेवू नये. मला काय माहीत यार, पुसलं की जाईल असं वाटलं."

पुसलं. कुंकू गेलं, खाली काळपट डाग राहिला. कुंकवात चुना असतो, आणि ओल्या चुन्याचं आणि ॲल्युमिनियमचं जन्माचं वाकडं. ऑक्टोबरच्या दमटपणात, बंद गाळ्यात, सुट्टीभर तो धातू खात बसला होता. नख फिरवलं तर अडकत होतं.

"पॉलिश पेपर मार ना," दादू म्हणाला. "वर कोटिंग चढलं की झकास. कोणाला दिसणार आहे?"

"आणि जाडी? घासलं की माप गेलं. तिथंच पुढं तडा जाईल. पोरं शिकणार आहेत रे त्या विमानात!"

"मग नवीन करू."

"कशातून? धातू कुठाय?" तो धातू बाजारात मिळत नाही, दर्जाच्या दाखल्यासकट मागवावा लागतो, आणि तो येईपर्यंत कंपनीची मुदत संपलेली असती.

 दादा खिडकीशी गेले आणि एकेक ब्रॅकेट उजेडात धरून बघू लागले. सगळे बघितले. मला वाटत होतं, त्यांनी एकदा तरी म्हणावं, माधुरी, सोडून दे. म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं.

"एकपण नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही दादा."

"मार खुणा." मग हातातला ब्रॅकेट ट्रेमध्ये ठेवत म्हणाले, "आणि हे आमच्या घरी कोणी बोलायचं नाही. सरकारनं काम कापलं, एवढंच. ते काय खोटं नाय."

नापास मालावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, हा आमच्या धंद्यातला नियम. खोट जिथं असेल तिथंच द्यायचा. मी ब्रश घेतला आणि वहिनीनं जिथं जिथं बोट टेकवलं होतं तिथं तिथं लाल ठिपका दिला. हात भरून आला.

कंपनीनं निवडलेल्या गाळ्यांत अर्थातच आमचं नाव आलं नाही. मशीन विकायला काढली. गाळा रिकामा करायच्या दिवशी वहिनी सगळ्यांसाठी वडे-सागोती घेऊन आली. वाढता वाढता ती सरकारला शिव्या घालत होती, "मेल्यांका विमानां नको झाली! पोरांनी काय पतंगावर बसान शिकूचा?" दादा खाली मान घालून जेवत होते. दादू हसला, एरवी हसायचा तसाच, पण घास तोंडात तसाच धरून.

जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ आली. "माधुरी, खरां सांग. आमचो माल बरो होतो मां?"

"एक नंबर होता वहिनी," मी म्हणाले. हे तरी खरं होतं.

"मगे एक तुकडो माका दी. देवाकडे ठेवतंय."

नापास ब्रॅकेट टाकलेली भंगाराची पेटी दाराशीच होती. मी नको म्हणायच्या आत तिनं वाकून एक ब्रॅकेट उचलला, पदरानं पुसला आणि उजेडात धरला. तिचा चेहरा एकदम खुलला.

"अहो, ह्या बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "मी लावलेलां कुंकू. अजून तसाच आसा."

दादांनी माझ्याकडे बघितलं नाही. "होय गो," ते म्हणाले. "बरां लागला तां."