साडेतेरा फूट शांतता

थिएटरवालीचा फोन आला तेव्हा नवरा, अर्विड, मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाला पाणी घालत होता, हे हेझलचं नशीबच म्हणायचं. त्याने उचलला असता तर पहिल्या वाक्यालाच आपटला असता.

कॉनी नावाची ती पोरगी शहराच्या पश्चिमेला जुने सिनेमे दाखवणारं एक छोटं थिएटर चालवायची. येत्या रविवारी दुपारी तीनला ती पियानोवाल्याचा सिनेमा लावणार होती. सिनेमाला चाळीस वर्षं झाली होती, आणि पडद्यावर ज्यांची नावं येतात त्यांच्यापैकी तिला जिवंत सापडला तो एकटा संकलक, म्हणजे अर्विड, तोही टेलिफोन डिरेक्टरीत. मिस्टर लुंडग्रेन येतील का? दोन शब्द बोलतील का?

हेझलने विचारलं, लोकांना आवडतो का हो तो अजून? कॉनी म्हणाली, या वर्षात तिसऱ्यांदा लावतेय, दर वेळी खुर्च्या कमी पडतात. "आणि ती शांत जागा येते ना, तेव्हा लोक श्वास धरून बसतात. काही जण तर तेवढ्यासाठीच येतात."

विचारून कळवते, असं सांगून हेझलने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. शांत जागा! या घरात त्या जागेचं नाव 'ते भोक' असं होतं, आणि तेही चाळीस वर्षांत दोनदाच काढलं गेलं होतं.

गोष्ट अशी की हेझल तेव्हा बावीस वर्षांची होती आणि स्टुडिओत लागून तिला तीनच आठवडे झाले होते. काम सोपं. सिनेमा तयार होत आला की तो गाजावाजा न करता एखाद्या उपनगरातल्या थिएटरात नेऊन दाखवायचा, आणि हेझलने मागच्या रांगेत स्टॉपवॉच घेऊन बसायचं. लोक हसायला लागले की बटण दाबायचं, थांबले की पुन्हा दाबायचं, आकडा लिहायचा. मग संकलक प्रत्येक विनोदानंतर तेवढीच फिल्म मोकळी ठेवणार, म्हणजे हसण्याच्या गोंगाटात पुढचं वाक्य बुडत नाही. त्या काळचे सिनेमे असे लोकांच्या हसण्याच्या मापाने बेतलेले असत. ते बोलतातही किती भरभर! एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं तयार. आता तसं कोणी बोलत नाही, आणि ऐकायला मिळालं की माणूस चहा गार होईपर्यंत ऐकत राहतो.

तर त्या सिनेमात ऐन लग्नाच्या दिवशी श्रीमंताच्या घरी पियानो दुरुस्त करणारा येतो. नवरी त्याला विचारते, किती वेळ लागेल? तो म्हणतो, "पियानोला अर्धा तास. तुमच्या नवरदेवाला मात्र जन्म जाईल."

थिएटर हसलं. हेझलने बटण दाबलं. आणि तिच्या शेजारी बसलेला संकलक, सत्तावीस वर्षांचा, उंच, स्टुडिओत एक शब्द जास्त न बोलणारा अर्विड, इतका हसला की तोल जाऊन त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. आलं ते तिथेच राहिलं. ज्या मुलीला अशा वेळी घड्याळ आठवेल तिने हेझलला खुशाल नावं ठेवावीत. भानावर आली तेव्हा काटा नवावर होता. लोक तीन सेकंद हसले असतील, फार तर चार. तिने नऊ लिहिलं, कारण दुसरं काय लिहायचं ते तिला सुचेना.

उद्या सांगू, असं तिने ठरवलं. उद्या अर्विडने तिला कॉफीला विचारलं.

त्याने तिच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि नऊ सेकंदांची साडेतेरा फूट फिल्म मोकळी सोडली. नाताळची घाई होती, प्रती थेट गावोगाव गेल्या. पहिल्या खेळाला स्टुडिओचे मालक बसले होते. लोक हसले, थांबले, आणि पडदा मुका. भरधाव चाललेल्या सिनेमाच्या मधोमध एवढं मोठं भोक. दुसऱ्या दिवशी अर्विडची बदली बातमीपटांवर झाली. पूर, निवडणुका, बोटींची उद्घाटनं. निवृत्तीपर्यंत तेच. विनोदी सिनेमा त्याने पुन्हा हातात घेतला नाही, पाहायलाही गेला नाही. टेलिव्हिजनवर तो पियानोवाल्याचा लागला तर खोलीतून उठून जायचा. हेझल त्याच्या पाठीमागे चोरून पाहायची, पण टेलिव्हिजनवाल्यांनी जाहिरातींसाठी नेमकी ती जागाच कापली होती. त्यामुळे लोकांना ती आवडते हे तिला कळणार कसं?

रात्रीच्या जेवणापर्यंत तिने दम धरला. मग बटाटे वाढता वाढता सगळं सांगून टाकलं. फोन, रविवार, खांदा, नऊचा आकडा.

अर्विडने काटा खाली ठेवला. "म्हणजे लोक नऊ सेकंद हसलेच नव्हते?"

"तीन."

"मला वाटत होतं माझे कान गेले," तो म्हणाला. "मी तिथे बसलो होतो, हेझल. मला तीनच ऐकू आले होते. पण घड्याळ नऊ म्हणत होतं, तेव्हा म्हटलं, आपल्याला हसणं कळत नाही. मग कशाला त्या कामात राहायचं?"

त्याचं आवडतं काम गेलं, एवढंच हेझलने आजवर धरलं होतं. त्याचा स्वतःवरचा विश्वास आपण नेला, हे तिला आज कळलं, आणि फार वाईट वाटलं. माफ कर, असं ती म्हणाली, तर त्याने मान हलवली. ती होकारार्थी की नकारार्थी, ते समजेना.

पुढचे तीन दिवस त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. लिंबाच्या झाडाला इतकं पाणी मिळालं की शेजारणीने कुंपणावरून चौकशी केली. रविवारी दुपारी एक वाजता मात्र तो टाय बांधून गाडीशी जाऊन उभा राहिला. "येतेस ना?" एवढंच म्हणाला.

थिएटर भरलेलं होतं. लांब केसांची पोरं, म्हाताऱ्या बायका, मांडीवर मूल घेतलेली एक जोडी. कॉनीने दोघांना मागच्या रांगेत बसवलं. हेझलच्या पर्समध्ये ते जुनं स्टॉपवॉच होतं. का आणलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

पियानोवाला आला. नवरीने विचारलं, त्याने उत्तर दिलं. थिएटर खळखळून हसलं. एक, दोन, तीन. हसणं ओसरलं, आणि अर्विडने खुर्चीचा हात घट्ट धरला.

पडद्यावर नवरी अजून त्याच्याकडे पाहत होती. आधी तीही हसत होती. मग हसू हळूहळू ओठांवरून उतरलं, आणि हा माणूस म्हणतोय ते खरं आहे, हे तिच्या डोळ्यांत उमटताना दिसलं. अख्ख्या सिनेमात दोघं गप्प होतात ती ही एकच जागा. तीनशे माणसं बसलेली, आणि कोणी खोकलंही नाही. समोरच्या जोडीतल्या बाईने नवऱ्याचा हात शोधला. मग फोन खणाणला, दारं आपटली, सिनेमा पुन्हा धावायला लागला आणि लोकांनी सोडलेला श्वास ऐकू आला.

अर्विडचे गाल ओले होते. त्याने ते पुसले नाहीत.

दिवे लागल्यावर कॉनीने त्याची ओळख करून दिली. टाळ्या थांबेनात. एक तरुण मुलगी उठली आणि म्हणाली, आजच्या कोणीही ती शांतता कापून टाकली असती, तुम्हाला ती ठेवायचं धाडस कसं झालं?

हेझलने डोळे मिटले. त्याने श्रेय घ्यावं, असं तिला मनापासून वाटत होतं. चाळीस वर्षांचं देणं त्याला कोणीतरी द्यायलाच हवं होतं.

अर्विड उभा राहिला. "मी ठेवली नाही," तो म्हणाला. "ही माझी बायको. लोकांचं हसणं मोजायचं काम हिचं होतं. मी हिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ही घड्याळ बंद करायला विसरली. तुम्ही पाहिलंत ते तेवढंच आहे."

मग सगळं थिएटर हसलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हसता हसता वळून हेझलकडे पाहायला लागल्या, मांडीवरचं मूल काही न कळता टाळ्या पिटायला लागलं, आणि थांबतंय थांबतंय म्हणताना ते हसणं पुन्हा उसळलं.

अर्विड खाली बसला. तिच्या पर्सकडे पाहत, कानाशी येऊन त्याने विचारलं, "किती झाले?"

"कोणास ठाऊक," हेझल म्हणाली. "घड्याळ लावायचंच राहिलं."