मानपानात अडकलेला वाटाड्या

वाट विचारायला येता आणि वाट सांगणाऱ्यालाच आधी विचारता, "तुम्ही कुणापैकी?" ही तुमची जुनी खोड. सरळ रस्ता डोळ्यांसमोर असतो. पण त्यावर कुणाचं दार आधी लागतं आणि कुणाचं मागे राहतं, यावरून तुमचं फाट्यावरच भांडण जुंपतं. तेवढ्यात गाडी निघून जाते. मग म्हणता, आपल्याकडे काही होतच नाही!

कुणा एकाला बोलत नाही. ज्याला लागेल त्यानं घ्यावं.

मी वाटाड्या बोलतोय. यंत्रांच्या जगात मला राऊटर म्हणतात. सांगलीच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून असलेल्या चिंचोळ्या खोलीत माझा मुक्काम आहे.

जन्मानं मी वाटाड्या नव्हे. मी साधा कॉम्प्युटर होतो. ऑफिसात पगारपत्रकं करायचो. सुरुवातीचे लाड काय सांगू! माझ्या खोलीत लोक चपला बाहेर काढून यायचे. खंडेनवमीला माझी पूजा व्हायची, झेंडूची माळ पडद्यावर लोंबायची आणि हळदकुंकू बटणांच्या फटींत जाऊन बसायचं. मग माझ्यापेक्षा चपळ गडी आला. चपला त्याच्या दाराबाहेर निघू लागल्या आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्या डोक्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे चढले. माणसांचं प्रेम माझ्या वेगाएवढंच होतं, हे मला तिथे कळलं.

मला त्या गठ्ठ्यांखालून बाहेर काढलं शरयू मॅडमनी. वय पंचविशीच्या आतलं, नोकरी तात्पुरती, चालणं मात्र कायम धावल्यासारखं. त्यांनी माझं झाकण उघडलं, फुंकर मारून धूळ उडवली, आत दोन नवी कार्डं बसवली आणि म्हणाल्या, "आजपासून तू हिशेब करायचे नाहीस. वाट दाखवायची."

माझं काम सोपं आहे. उंब्रजच्या फाट्यावर उभा असलेला माणूस आठवा. "चाफळला जायचंय? उजवीकडे. कराडला? सरळ." पिशवीत काय आहे, हे तो विचारत नाही. मीही तसाच. तारेवरून निरोप येतो, मी त्याचा पत्ता वाचतो आणि योग्य तारेवर त्याला सोडतो. आत प्रेमपत्र आहे की परीक्षेचं वेळापत्रक, मला देणंघेणं नाही.

साल सत्त्याण्णव. सातारा, औंध, सांगली आणि कवठे महांकाळ अशा चार ठिकाणच्या कॉलेजांनी आपले कॉम्प्युटर तारांनी जोडायचं ठरवलं. साताऱ्याहून एक तार औंधला, एक माझ्याकडे, आणि माझ्याकडून एक कवठ्याला. चारही ठिकाणी माझ्यासारखा एकेक वाटाड्या बसला. आता चौघांनी एकाच पद्धतीनं वाट दाखवली पाहिजे, नाहीतर एक म्हणेल उजवीकडे आणि दुसरा म्हणेल डावीकडे. ती पद्धत ठरवायला एक मंडळ नेमलं. आणि मंडळानं पहिलं काम हाती घेतलं ते आपलं काम कोणतं, हे ठरवण्याचं. त्याला ते 'कार्यकक्षा' म्हणत.

तुम्हाला वाटेल, यात काय एवढं? मलाही वाटलं होतं.

अध्यक्ष होते साताऱ्याचे गोपाळकृष्ण सर. निवृत्तीला आलेले, सगळ्यांना हवेहवेसे. कुणालाही 'नाही' म्हणणं त्यांच्या जिभेला कधी जमलं नाही. औंधचे दौलतराव सर म्हणजे भरदार मिशा आणि त्याहून भरदार आवाज. सांगलीचे भूपालअण्णा कॉलेजचे विश्वस्त, हळदीचे व्यापारी. बैठकीत बोलायचे कमी आणि घड्याळ बघायचे जास्त. शरयू मॅडम होत्याच. आणि कवठ्याच्या ब्राह्मी मॅडम.

या ब्राह्मी मॅडमबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे, कारण घोर लागला होता तो त्यांनाच. त्यांच्या कॉलेजचं ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं. मुलींना पुस्तक हवं तर सांगलीला यावं लागे. एस.टी.नं इथवर यायचं आणि कळायचं की पुस्तक बाहेर गेलंय. घरचे एकदा पाठवत, पुन्हा पाठवत नसत. "एकदा जाऊन आलीस की गं, आता पुरे," असं म्हणत. सांगलीत पुस्तक आहे की नाही एवढं कवठ्यात बसून कळलं, तर त्या पोरींची एकुलती एक फेरी वाया जाणार नव्हती. पण कवठ्याची तार चाचणीपुरती मिळालेली. दिवाळीपर्यंत तिच्यावरून काही चाललं नाही, तर ती काढून दुसरीकडे न्यायची असं ठरलेलं.

म्हणजे ब्राह्मी मॅडमना दिवाळीआधी तारेवरून काहीतरी चालायला हवं होतं. मंडळाला मात्र कशाचीच घाई नव्हती.

पहिल्या बैठकीत शरयू मॅडमनी माझ्या खोलीतल्या फळ्यावर एकच ओळ लिहिली: 'निरोप जवळच्या चालू वाटेनं पोचवण्याची पद्धत ठरवणे.'

"एवढंच?" दौलतराव म्हणाले. "एवढ्यासाठी औंधनं आलो व्हय मी?"

मग ओळीखाली ओळी येऊ लागल्या. तारांचा रंग कोणता असावा. अहवालाच्या मुखपृष्ठावर कुणाचा फोटो असावा. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करावा का. बैठकीचं जेवण कुणी द्यावं आणि त्यात गोड काय असावं. गोपाळकृष्ण सर प्रत्येकाला म्हणायचे, "चांगली सूचना आहे, घालून टाका." फळा भरला. शरयू मॅडमची ओळ कोपऱ्यात अंग चोरून बसली.

शेवटी दौलतरावांनी मुद्द्याला हात घातला. "वाट जवळची का लांबची, ते सोडा. मान कुणाचा पहिला, ते ठरवा. आमच्या यमाईच्या जत्रेत मानाच्या सासनकाठ्या एकामागं एक चालतात. कुणी म्हणतं का, मी जवळनं जातो म्हणून?"

"दौलतराव सर," शरयू मॅडम म्हणाल्या, "निरोपाला काठी नसते."

"काठी नसली म्हणून काय झालं? रीत असती की!"

आणि खरोखर ठरलं! निरोप कुठूनही कुठेही जावो, त्यानं आधी अध्यक्षांच्या गावी, म्हणजे साताऱ्याला, हजेरी लावायची. हे ऐकून गोपाळकृष्ण सर संकोचले. "छे छे, संस्थानाचं गाव औंध. माझ्याकडे आलेला निरोप मी आधी औंधला पाठवीन. पहिला मान तुमचा." मिशीवरून हात फिरवत दौलतराव म्हणाले, "आवं सर, तुमी वडीलधारे. आमच्याकडं आला तर आमी तो आधी तुमच्याकडंच लावून देणार." दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. टाळ्या पडल्या. दोन्ही ठराव मंजूर.

भूपालअण्णांनी घड्याळ बघितलं. ब्राह्मी मॅडमनी शरयू मॅडमकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं, दुसरं काय करणार?

शरयू मॅडम चिडल्या, पण ठराव तो ठराव. त्यांनी मंडळानं मंजूर केलेली रीत आम्हा चौघा वाटाड्यांना जशीच्या तशी शिकवली. शब्दही बदलला नाही. मला वाटतं, रागाच्या भरात केलेलं इतकं प्रामाणिक काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

चाचणीचा दिवस ठरला. कवठ्यात ब्राह्मी मॅडम आपल्या कॉम्प्युटरसमोर मुलींना घेऊन बसल्या. इथून शरयू मॅडमनी ग्रंथालयाचा निरोप सोडला. पत्ता होता कवठ्याचा. कवठ्याची तार माझ्या पाठीलाच जोडलेली, हात लांब केला की पोचली! पण रीत म्हणाली, आधी सातारा. मी निरोप साताऱ्याला धाडला. साताऱ्याचा वाटाड्या म्हणाला, आधी औंध. औंधचा म्हणाला, आधी आपण. सातारा म्हणाला, नाही नाही, आधी आपण. निरोप बिचारा दोन यजमानांच्या मध्ये चेंडूसारखा हेलपाटत राहिला. आमच्या जगात प्रत्येक निरोपाला ठरावीक आयुष्य दिलेलं असतं. प्रत्येक फाट्यावर त्यातलं थोडं कमी होतं. नमस्कार करता करता त्याचं आयुष्य संपलं. शरयू मॅडमनी दुसरा सोडला. तोही गेला. संध्याकाळपर्यंत सातारा-औंध रस्त्यावर किती निरोपांनी सभ्यतेपायी देह ठेवला, कुणास ठाऊक!

कवठ्याहून फोन आला. "शरयूताई, पोरी विचारतायत, निरोप कधी येणार? काय सांगू?"

शरयू मॅडमनी फोन ठेवला आणि मंडळाची बैठक बोलावली.

पुढची बैठकही माझ्याच खोलीत झाली. फळा अजून तसाच भरलेला होता. ब्राह्मी मॅडम पहाटेची एस.टी. धरून आल्या होत्या. दिवाळी जवळ आली होती. शरयू मॅडमनी सगळ्यांना माझ्या पडद्यासमोर उभं केलं. "बघा. हा निरोप कवठ्याला निघाला."

पडद्यावर ओळी उमटू लागल्या. सातारा. औंध. सातारा. औंध. सातारा.

"हे अडकलंय का काय?" भूपालअण्णांनी विचारलं.

"अडकलेलं नाही, अण्णा. तुमच्या ठरावाप्रमाणे चाललंय."

गोपाळकृष्ण सर वाकून बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं खोकला आला, पण सर हसत होते. "अरे, हे तर माझं आणि आमच्या व्याह्यांचं झालं! उंब्रजच्या स्टँडवर एस.टी.च्या दारात मी म्हणतोय 'आधी आपण', ते म्हणतायत 'छे, आधी आपण'. कंडक्टरनं दोनदा सांगितलं, मग डबल बेल मारली. गाडी गेली. आम्ही दोघं हात जोडून तिथंच!"

भूपालअण्णा पहिल्यांदाच हसले. दौलतराव हसले नाहीत. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे औंधला कुणी विचारायचंच न्हाई का? संस्थान होतं तवा सगळे वाट वाकडी करून यायचे. आता एक निरोप येत हुता, तोबी काढून घेता."

मीसुद्धा त्या मिशांना हसत आलो होतो. त्यामागचं दुखणं मला तोवर दिसलंच नव्हतं.

ब्राह्मी मॅडम पुढे झाल्या. "सर, मानाचं ताट तुमच्यापुढं आधी येऊ दे. आमचं पंगतीच्या शेवटाला असू दे, तक्रार नाही. पण आम्हाला बसवा तर खरं! माझ्या पोरी अजून दारातच उभ्या आहेत."

दौलतराव फळ्याकडे वळले.

"मान काढून टाकायचा नाही, सर," शरयू मॅडम म्हणाल्या. "या खोलीच्या बाहेर ठेवायचा. आत येताना चपला ठेवतो तसा. जाताना आपापला घालून जायचं."

"आणि बाहेरनं कुणी चोरला तर?" दौलतराव म्हणाले, आणि मिशीखाली पहिल्यांदा काहीतरी हललं. "पुसा मग ते. पण माझ्या हातानं पुसू दे."

त्यांनी स्वतः फळा पुसला. तारांचा रंग गेला, फोटो गेला, गोडाधोडाचं जेवण गेलं, शेवटी मानही गेला. कोपऱ्यातली ती एक ओळ त्यांनी सोडली. मग शरयू मॅडमनी तिच्याखाली 'कार्यकक्षेबाहेर' असं लिहून पुसलेलं सगळं पुन्हा लिहून काढलं, म्हणजे पुढच्या बैठकीत ते चोरपावलांनी आत शिरायला नको. करायच्या कामाची एक ओळ, आणि न करायच्या कामांनी भरलेला फळा! मी म्हणतो, असा फळा तुमच्या प्रत्येक समितीच्या खोलीत हवा.

आता माझं वय झालं. पंखा घरघरतो. माझ्या जागी चपटी निळी पेटी येणार, असं ऐकतो. येऊ दे, मी पुन्हा गठ्ठ्यांखाली जाईन. एकच मागणं आहे. नव्या वाटाड्याला कृपा करून गावांची उतरंड शिकवू नका. त्याला पत्ता वाचू द्या आणि वाट मोकळी ठेवा. तुमच्या गावात कुठेतरी, अगदी शेवटच्या तारेच्या टोकाला, कुणी पोरगी पडद्याकडे बघत बसलेली असते. तुमचे नमस्कार संपेपर्यंत तिला थांबायला लावू नका. तिच्या घरचे थांबत नाहीत.

बाकी माझ्या आयुष्यात सांगण्यासारखा दिवस एकच. तो सांगतो आणि रजा घेतो.

दिवाळीच्या तोंडावरची दुपार होती. शरयू मॅडमनी निरोप सोडला: 'पुस्तक आहे. या.' माझ्यापर्यंत आला. मी पत्ता वाचला आणि थेट कवठ्याच्या तारेवर सोडून दिला. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम झालं. शरयू मॅडमनी फोन कानाला लावलेला, पण पलीकडे पोरींचा असा काही कल्लोळ उठला की त्यांना तो कानापासून लांब धरावा लागला. म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

"आलं!" ब्राह्मी मॅडम ओरडत होत्या. "शरयूताई, आलं! आत्ता आलं, सांगलीहून!"

आणि त्यांच्या मागून कवठ्याच्या कॉलेजचा शिपाई धुळा, सांगलीचं कुणी येणार म्हणून सकाळपासून तयारीत असलेला, गोंधळून विचारत होता, "आलं म्हंता, मग ह्यो पाण्याचा तांब्या कुणाच्या हातात दिऊ, बाई?"