अठरा लॅपटॉप अन् बुधरीबाईचा मोह

लॅपटॉप देनाऱ्या संस्थेचा मेसेज दोन ओळींचा. सोमवारी गाडी येते. ज्या लॅपटॉपात नवीन व्हर्जन नसन तो उचलून दुसऱ्या शाळेले देऊ.

आज शनिवार. लॅपटॉप अठरा.

मी मोहसीन. सिंदेवाहीत मामूच्या दुकानात मोबाईल खोलता खोलता शिकलो, कोर्स-बिर्स काई नाई. लेकरांचे हे स्वस्तातले हिरवे लॅपटॉप या जंगलातल्या शाळेत आले तेव्हापासून मीच पाहून राह्यलो. गावात टॉवर नाई. अपडेटची फाईल दुकानात दोन दिवस उतरवली, सहा पेनड्राइव्हवर टाकली अन् गाडीनं आलो.

बॅटऱ्या साऱ्यांच्या मेल्या. वायर काढली की लॅपटॉप बंद. लाईन दुपारी नसतेच, शाळा चालते सोलरवर. एका खेपेले सहा लॅपटॉप, चाळीस मिनिटं. मधात बंद पडला की मंग तो उठतच नाई. हे संस्थेनं नाई सांगतलं, मागच्या साली एक मारून मीच शिकलो.

पाचवीतली दिव्यानी आपला छातीशी धरून उभी होती.

"भाऊ, माया पयले लाव."

"काऊन? तू काय सरपंच आहे का?"

"त्याच्यात माये झाडं आहेत."

खरं होतं. चाळीसेक झाडांची चित्रं तिनं त्यात काढून ठेवली होती, खाली गोंडी नाव, मराठी नाव. मी म्हनलो, अपडेटनं झाडं जात नाई, रांगेत राह्य. रांगेत ती सातवी होती.

पयले सहा झाले. मी खुश. दुसरे सहा लावले. सत्तर टक्क्यांवर इन्व्हर्टर पी-पी करायले लागला. मी बाहेर पाह्यलं तर ऊन रखरखीत. वायरी हलवल्या. फ्यूज पाह्यला. तेवढ्यात साहीच्या साही काळे.

पळत स्लॅबवर गेलो. सोलरच्या पाट्यांवर मोहफूल. चारही पाट्या भरून, पिवळंधम्मक, ओलं. बाजूले बुधरीबाई, दिव्यानीची आजी, रिकामं टोपलं घेऊन बसलेली.

"बाई, हे काय केलं तुमी?"

"मोह वाळत टाकला, बाबू. पहाटपासून वेचला."

"इथी काऊन?"

"खाली बकऱ्या खातेत. मातीत टाकलं त व्यापारी भाव पाडते." मंग माह्याकडं पाहून म्हने, "तूच त सांगतलं होतं गावाले, या काचीले कोनी हात लावाचा नाई. मंग इथी मोहाले कोन हात लावन?"

सांगतलं होतंच. ग्रामसभेत उभं राहून सांगतलं होतं. पाटीवर ऊन पडू द्या, हे सांगायचं राहून गेलतं. मले वाटलं, सोलर म्हनलं की कळतेच.

मोह झाडूनं काढता येत नाई, फुटते. पोट्टे वर आले, हातानं एकेक फूल उचललं. काच रसानं चिकट झालती. हापशीवरून बादल्या आणून धुतली. इन्व्हर्टर भरेस्तोवर तीन वाजले.

तिसरे सहा लावले अन् मी खोलीत थांबलोच नाई. वर पाट्यांजवळ जाऊन बसलो, राखण करत. चाळीस मिनिटं. ते सहा झाले.

मधले सहा नाई उठले. दोनदोनदा पाह्यलं. काळेच.

दिव्यानी शेवटपर्यंत बसली होती.

"माये झाडं?"

"गेली."

"तू म्हनलता, जात नाई."

"म्हनलतो."

तिनं लॅपटॉप झाकला. रडली नाई. रडली असती तर बरं झालं असतं.

"सोमवारी नेतेत ना?"

"हो."

"मंग तवरक मायाजवळ राहू दे."

मी हो म्हनलो. गाडीले किक मारत होतो तं बुधरीबाई पोत्यात मोह भरून आली.

"बाबू, उद्याचा मोह कुठी टाकू?"

मी माह्या डिक्कीतली ताडपत्री काढून दिली. पावसासाठी ठेवली होती.

"बकऱ्या?" तिनं इचारलं.

दिव्यानी आजीच्या मागं उभी होती, बंद लॅपटॉप छातीशी. "मी बसतो राखत," म्हने. "आता मले काय काम आहे."