चुन्याखालच्या रेघा

बागेच्या फाटकावर नोटीस डकवली होती. चष्मा घरी राहिला होता, तरी मला शब्दन् शब्द दिसला. ‘सदर जागा विनावापर पडून असल्याने विक्रीस काढण्यात येत आहे. सोमवारी सकाळी पाहणी.’

बाग केवढी, तर तीन झाडं, दोन बाकं, एक गंजकी घसरगुंडी आणि मागची भिंत. पण चाळीस वर्षं मी इथे येऊन बसते आहे. यजमान गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, तेव्हाही मी मागच्या दाराने निघून याच बाकावर बसले होते. ही गेली तर मी जाऊन बसू कुठे?

भीतीने डोकं चालेना. सुचलं एवढंच, की साहेब येणार तर जागा लख्ख दिसली पाहिजे. पाहुणा येणार म्हटलं की आधी पसारा पलंगाखाली ढकलायचा, हेच जन्मभर करत आले. दोन दिवस सगळी गल्ली कामाला लावली. बाकांवरच्या उशा घरोघरी गेल्या. फांदीला बांधलेला दोरीचा झोका सोडून घेतला. पायवाट उकरून वर गवत बसवलं. फरशीवरचे खडूचे चौकोन मी स्वतः घासले, गुडघ्यांवर बसून.

राहिली मागची भिंत. तिच्यावर लाल रेघाच रेघा. यजमान सुतार. दर वर्षी गल्लीतल्या पोरांना भिंतीला उभं करायचे, डोक्यावर पट्टी धरायचे, रेघ मारायचे आणि शेजारी टोपणनाव नि साल लिहायचे. ते गेल्यावर पलीकडच्या शिंप्याने आपली टेप घेऊन ते चालू ठेवलं होतं.

“वहिनी, एवढी भिंत राहू द्या,” शिंपी म्हणाला.

“भावजी, साहेब म्हणतील, काय ही कळा! एक हात मारा चुन्याचा.”

चुना थोडाच होता. पाणी घालून पुरवला.

सोमवारी साहेब आले. तरुण होते, बोलायला नरम. त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. बाकावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं.

“इथे कोणी येत नाही वाटतं.”

“अहो, रोज येतात!” शिंपी म्हणाला.

“मग पायवाट कुठे आहे? गवत तर कालच लावल्यासारखं दिसतंय.”

“कालच लावलंय,” शिंपी बोलून गेला आणि जीभ चावली.

साहेब हसले नाहीत. “मला दिसतं तेच लिहावं लागतं, आजी.” आणि कागद भिंतीला टेकवून लिहू लागले. मी वाकून पाहिलं. ‘विनावापर.’ बाग विकणारे कोण असतील ते असोत, पुरावा मी पुसला होता. घासूनपुसून, माझ्या हातांनी.

साहेबांचा तळवा चुन्याने पांढरा झाला होता. “जरा पाणी मिळेल का हाताला?”

मी तांब्या भरून आणला. घाईने ओतायला गेले, तर थोडं पाणी त्यांच्या हातावर आणि बाकीचं भिंतीवर गेलं. ओल्या झालेल्या जागी चुना विरल्यासारखा झाला आणि आतून एक लाल रेघ वर आली. शेजारी यजमानांचं अक्षर, ‘ढोल्या’, आणि साल.

“हा ढोल्या कोण?”

शिंप्याचा थोरला पुढे झाला. बँकेत मॅनेजर, अंगाने काडी, डोक्याला टक्कल. “मी,” तो म्हणाला. कोणीतरी मागे फिसकन हसलं.

मग मला आठवलं. यजमान कुरकुरायचे, की पातळ चुना पाणी लागलं की खालचं सगळं दाखवतो.

“सूनबाई, बादली आण! धाव!”

पहिली बादली मीच फेकली. रेघा वर येत गेल्या. चिमणी, बटाट्या, टिल्लू, पुन्हा ढोल्या, चार बोटं उंच. साहेब फोटो काढू लागले, पण ऊन भिंतीवर आलं होतं.

“आई, वरचं वाळतंय!” सून ओरडली. खरंच, वरच्या रेघा पुन्हा पांढऱ्यात बुडत होत्या. गल्लीभर तांबे, पातेली, बाटल्या निघाल्या. साहेब मोजत होते, आम्ही पाणी मारत होतो, आणि माझा जीव प्रत्येक वाळत्या रेघेबरोबर खाली बसत होता.

शेवटी त्यांनी एक शब्द खोडला.

“काय लिहिलंत?”

“जे दिसलं ते. निर्णय वरचे घेतील, आजी. मी काही सांगू शकत नाही.”

तो निर्णय अजून आलेला नाही. टपालवाल्याची सायकल वाजली की काळीज लक्‌कन हलतं. रोज उठून भिंतीपाशी भरली बादली ठेवते; कोण कधी बघायला येईल, नेम नाही. उशा परत आल्या आहेत, झोकाही. नवं गवत आता पोरं तुडवतात, आणि मी कोणाला रागवत नाही.

काल शिंपी टेप घेऊन आला. “वहिनी, इतक्या रेघांत तुमची एकही नाही. उभ्या राहा. पाठ ताठ.”

“भीतीने ताठच आहे, भावजी.”

त्याने चुन्यावरच रेघ मारली. ही दिसायला पाणी लागत नाही.