जागा भरायचा मजकूर

मनिषने काळ्या गाडीचा फोटो हळूच डावीकडे सरकवला आणि तिचा दिवा घडीतून बाहेर काढला. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत जे मधोमध येतं ते शिवणीत गडप होतं, म्हणून चेहरा आणि दिवा तिथे येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नेम. शीर्षक त्याने सडपातळ अक्षरांत वर नेलं. भोवती पांढरी जागा सोडली, अगदी सढळ हाताने. श्रीमंतीला ऐसपैस लागतं, पानावरसुद्धा. भंडाऱ्यात लग्नपत्रिका आणि पितळी भांड्यांच्या दुकानांची पत्रकं करून तो विटला होता. महागड्या गाड्यांचं मासिक त्याच्या हाती पहिल्यांदाच आलं होतं आणि खरं सांगायचं तर ते काम त्याला मनापासून आवडलं होतं.

आवडायला नको होतं. मासिक श्यामरावांचं होतं. रेतीच्या धंद्यावर गबर झालेल्या या माणसाचं गाड्यांचं शोरूम शहापूरच्या हायवेवर उघडणार होतं. मनिषचा मावसभाऊ कैलाश त्यांच्याच रेतीच्या घाटावर, वैनगंगेत बुडाला होता. मनिषने तेव्हा तोंड उघडलं नाही आणि आता कामालाही नाही म्हटलं नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

छापून काढलेल्या प्रूफशी ताडून पाहावं म्हणून त्याने टेबलाकडे हात नेला. टेबल रिकामं होतं.

"रुपा, इथं रंगीत पानं होती ना?"

"इश्वर आला होता ना, श्यामरावांचा डायवर," रुपा आतून म्हणाली. "भाऊनं मागवले म्हणे. देऊन टाकले."

"काहून दिले? मले विचारलं असतं."

"तुमी चहाले गेले होते. तो गाडी चालू ठेवून उभा होता, अजी. का झालं?"

"काही नाही."

तो उठला आणि पुन्हा बसला.

मासिकातले लेख पुण्याहून यायचे होते. ते येईपर्यंत पान कसं दिसेल हे दाखवायला काहीतरी मजकूर भरावा लागतो. बाकीचे लोक तीच ती चार वाक्यं चिकटवतात. मनिषला ते पटत नसे. खरी वाक्यं ओळीत बसल्याशिवाय पानाचा तोल कळत नाही, असं त्याचं मत. म्हणून तो मनात येईल ते टाइप करायचा आणि शेवटी पुसून टाकायचा. पितळेच्या पत्रकांत त्याने सासऱ्याची गाऱ्हाणीसुद्धा भरली होती. या वेळी फोटो घाटावरचा होता. गाडीमागे नदी होती आणि बोटांतून कैलाश उतरला होता; तो पुसायच्या आधीच रंगीत पानं निघाली होती.

"कैलाश उतरला तेव्हा पाणी कमरेएवढंच होतं. पुढच्या पावलाला तळ नव्हता. रेती उपसून तिथे डोह केला होता. तो ओरडत होता तेव्हा श्यामराव काठावर उभे होते. त्यांनी आधी रेती उपसणारं पोकलेन हलवायला लावलं, मग माणसं बोलावली. झाडामागून मी सगळं पाहिलं."

शेवटचं वाक्य त्याने फक्त ओळ पुरी भरावी म्हणून लिहिलं होतं. त्या झाडाबद्दल त्याने रुपालाही कधी सांगितलं नव्हतं.

दुपारी श्यामरावांच्या मुलाचा, भूपेंद्रचा फोन आला. बाबा बोलावून राहिले, एवढंच तो म्हणाला.

शोरूमला अजून रंगाचा वास होता. आतल्या खोलीत श्यामराव बसले होते आणि पानं काचेच्या टेबलावर अंथरली होती. मनिषने नमस्कार केला.

"बस. लय मस्त केलं बापा. पण एवढी पांढरी जागा कायले सोडली?"

"त्याच्यानं गाडी उठून दिसते, भाऊ."

"असं का." श्यामरावांनी पान उचलून डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. "अक्षर मात्र लय बारीक. चष्मा लावूनबी मले एक ओळ दिसत नाही."

मनिषच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या सडपातळ अक्षरांवरून जीव ओवाळून टाकावा, असं त्याला वाटलं. पुण्याचा लेख आला की मोठं करतो, असं तो घाईघाईने म्हणाला.

"राहू दे तसंच," श्यामराव म्हणाले. "मी भूपेंद्रले वाचाले लावलं."

खिडकीशी उभा असलेला भूपेंद्र पुढे आला. त्याने चहाचा कप मनिषपुढे ठेवला आणि कपाचा कान त्याच्या हाताकडे वळवला.

"पुरं वाचलं," तो म्हणाला. "दोनदा."

बाहेर हायवेवरून ट्रक गेला आणि टेबलाची काच थरथरली. चहावर साय धरली तरी मनिषचा हात कपाकडे गेला नाही.

"फोटो बदलू," श्यामराव म्हणाले. "हा काठावरून काढला. नदीतून काढला तर गाडी अजून उठून दिसन. उद्या सकाळी घाटावर येजो."

"मी तं फक्त पानं लावतो, भाऊ. फोटोवाला..."

"फोटोवाल्याले जागा कोठी माहीत? तुले माहीत आहे."

मनिषने भूपेंद्रकडे पाहिलं. तो पानं एकावर एक रचून, कडा नीट जुळवत होता.

"भेतो कायले?" भूपेंद्र मान वर न करता म्हणाला. "पाणी कमरेएवढंच आहे."